मोबाइलच्या दाराला कडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. चिटणीसबाईंच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



मी सातवी शिकलेली बाई. चार माणसांपुढे उभे राहून बोलण्याची ही पहिलीच खेप, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्या. मागे भिशीच्या दिवशी मी आमच्या घरची एक हकीगत सांगितली होती, ती सर्वांपुढे सांगावी असा हुकूम झाला. हकीगत माझ्याच चुकीची आहे, म्हणून ती सांगायला मला कोणाची भीती नाही.

आमच्या घरी मोठा मोबाइल एकच. आमचे हे एमआयडीसीत पाळीवर जातात, त्यांचा साधा बटनांचा. मोठा दिवसभर माझ्याजवळ, आणि संध्याकाळी मुलीच्या अभ्यासाला. ती तेव्हा नववीत होती. भुलाबाईचे दिवस होते. एका गाण्याचे मधले कडवे काही केल्या आठवेना, म्हणून मी मोबाइलवर शोधायला बसले. एक पान उघडले, त्यावर लिहिलेले, ‘तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा.’ मी म्हटले, माणूस तर आहेच! दाबले. गाणे काही मिळाले नाही. मी विसरूनही गेले.

दोन दिवसांनी मोबाइल आपोआप वाजू लागला. कधी ‘तुमच्या मोबाइलला व्हायरस लागला, ताबडतोब साफ करा’, कधी ‘रमी खेळा, लखपती व्हा’, आणि रात्र झाली की बायकांची अशी चित्रे, की पाहणाऱ्याने पदराने तोंड झाकावे. एका संध्याकाळी मुलगी गणिते सोडवीत होती आणि यांनी फोन लावायला मोबाइल उचलला, तोच तसले चित्र वर आले. घरात काय झाले असेल ते तुम्हीच समजा. पोरगी शपथा घेऊन सांगत होती, “आई, मी काहीच पाहिलं नाही.” मी तिचे ऐकले नाही. मी तिच्यावर हात उगारला, आणि नुसता उगारला नाही.

मोबाइल कपाटात गेला, किल्ली माझ्या कमरेला. शाळेचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, तो उतरवून घ्यायला ती मैत्रिणीकडे जाऊ लागली. माझ्याशी कामापुरते बोले. असे दहा दिवस गेले. आणि बायांनो, कपाटात कुलपात पडलेल्या मोबाइलवर तीच चित्रे येतच होती! मग पोरीचा दोष कुठे राहिला?

मी तो एका दुकानात नेला. त्याने तीनशे रुपये घेतले आणि सगळेच पुसून टाकले. माझ्या सासूबाईंचे शेवटचे फोटो त्यात होते, तेही गेले. मी पुढे आणखी कुठेतरी ‘अलाउ’ दाबले असेल, कारण महिन्याभरात तो तमाशा पुन्हा सुरू झाला.

दिवाळीला भाची आली, तिने पाच मिनिटांत मूळ दाखवले. क्रोम उघडायचे, कोपऱ्यातल्या तीन टिंबांवरून सेटिंग्जमध्ये जायचे, तिथे साइट सेटिंग्ज आणि त्यात नोटिफिकेशन्स. आपण ज्यांना ज्यांना ‘अलाउ’ म्हटले त्यांची यादीच तिथे असते. माझ्या यादीत सतरा नावे निघाली, एकही ओळखीचे नाही. एकेक बंद केले. आता कोणतेही पान ‘अलाउ’ विचारो, मी ‘ब्लॉक’ दाबते. माणूस असल्याचा दाखला मला नको.

दुसरी गोष्ट तिने केली ती समजायला मला जरा वेळ लागला. आपण मोबाइलवर एखादे नाव टाकतो, तेव्हा त्या नावाचे घर कुठे आहे हे मोबाइल आधी कुणाला तरी विचारतो, जसे आपण परक्या गावात नाक्यावरच्या पानठेल्यावर पत्ता विचारतो. त्याला डीएनएस म्हणतात. आता पत्ता सांगणारा असा निवडायचा, की जाहिरातवाल्याचे किंवा वाईट घराचे नाव विचारले तर तो सरळ म्हणेल, मला ठाऊक नाही. २०१८ साली अँड्रॉइडची नववी आवृत्ती आली, तेव्हापासून ही सोय मोबाइलमध्येच आहे, पैसे पडत नाहीत. सेटिंग्जच्या शोधायच्या जागी ‘प्रायव्हेट डीएनएस’ लिहिले की सापडते. तिथे इंग्रजीत ‘फॅमिली डॉट अ‍ॅडगार्ड हायफन डीएनएस डॉट कॉम’ असे लिहायचे. मंडळाच्या फळ्यावर मी ते इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवले आहे. मी घरी लिहिताना एक अक्षर चुकले आणि नेटच बंद पडले. मला वाटले, मोबाइल गेला! पण तिथेच ‘ऑटोमॅटिक’ केले की पूर्ववत होते, घाबरू नका.

सगळेच मात्र थांबत नाही. यूट्यूबच्या जाहिराती येतातच, कारण त्या व्हिडिओच्याच घरून येतात. भावकीच्या ग्रुपवर कोणी काही धाडले तर त्यालाही हा अडवीत नाही. आणि आपण कोणाकोणाचा पत्ता विचारतो हे पत्ता सांगणाऱ्याला कळते, हेही भाचीने सांगितले. मी म्हटले, मला भाजी आणि भुलाबाई सोडून काय विचारायचे आहे? पण ज्यांना ते पसंत नसेल त्यांनी तसा विचार करावा.

‘पाहिलं नाही की झालं’ असे म्हणणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. २०२३ साली नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात अठ्ठावन्न कोटी रुपयांना फसल्याची तक्रार केली, आणि पोलिसांचे छापे पडले ते थेट गोंदियात. तो शिकलासवरला, पैशाअडक्याचा माणूस. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये झाला खरा, पण चोराला कायद्याची वाट लागत नाही. पैसे गेलेच तर रडत बसू नका, त्याच क्षणी १९३० ला फोन लावा. जाहिरातींच्या फोनांचा त्रास असेल तर ‘स्टार्ट’ इंग्रजीत लिहून, जागा सोडून शून्य टाकून, १९०९ वर एसएमएस करा.

भाची गेली त्या रात्री मी मुलीजवळ बसले आणि चूक माझी होती म्हणून सांगितले. आईने लेकीची माफी मागायची रीत आपल्यात नाही, मला शब्द सुचत नव्हते. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आई, बाबांना पण सांग.” तेही सांगितले. ते मला जास्त जड गेले.

पुढच्या गुरुवारी दुपारी तीन वाजता सर्वांनी आपापला मोबाइल घेऊन मंडळात यावे. यादी कशी पाहायची ते मी दाखवीन, आणि इंग्रजी अक्षरे लिहायला माझी मुलगी बसणार आहे. चार्जर मात्र ज्याचा त्याने आणावा.