डेटाबेसशी आज्ञावलीची जोडणी



शाळेचे जनरल रजिस्टर कपाटात असते आणि किल्ली मुख्याध्यापकांजवळ. संगणकावरील नोंदवही, म्हणजे डेटाबेस, फाइलीच्या रूपाने असते. तीत काही वाचावयाचे वा लिहावयाचे तर आज्ञावलीने प्रथम तिच्याशी जोडणी करावी लागते. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली सिद्ध केलेली एसक्यूलाइट ही पद्धती या कामी फार सोयीची होय. सारा डेटाबेस एकाच फाइलीत मावतो, निराळा सर्व्हर लागत नाही. आणि पायथन भाषेत तर २००६ च्या २.५ या आवृत्तीपासून तिच्याशी जोडणी करणारा भाग भाषेबरोबरच मिळतो.

जोडणीची आज्ञा एका ओळीची आहे: कनेक्ट, आणि कंसात फाइलीचे नाव. परंतु पहिला खड्डा याच ओळीत आहे. नावात एक अक्षर चुकले तर संगणक तक्रार करीत नाही. त्या चुकीच्या नावाची नवी, कोरी फाइल तो उघडून देतो. पुढे तक्ता सापडत नाही असा संदेश आला की नवशिक्याच्या पोटात गोळा येतो. वास्तविक मुलांच्या नोंदी जागच्या जागी असतात. उघडली गेली ती दुसरीच वही. तक्ता नसल्यास तयार करावा, अशी आज्ञा आधीच लिहिलेली असेल तर तो संदेशही येत नाही, आणि महिनाभराच्या नोंदी निमूटपणे भलत्याच वहीत जमा होतात. हे अधिक वाईट. म्हणून फाइलीचा संपूर्ण मार्ग लिहावा.

दुसरी गोष्ट कमिटची. इन्सर्टने घातलेली नोंद कमिट होईपर्यंत कच्ची असते. त्याच जोडणीतून पाहिल्यास ती वहीत दिसते, त्यामुळे काम झाले असे वाटते; मात्र नेहमीच्या पद्धतीत कमिट न करता जोडणी बंद केली की ती नाहीशी होते. पन्नास मुलांची माहिती भरल्यावर हे उमगले तर दुपार वाया गेलीच!

मुलाचे नाव आज्ञेच्या वाक्यात थेट जोडू नये. वसईकडील डि'मेलो या आडनावातील एका चिन्हाने ते वाक्य मध्येच तुटते. नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून नाव वेगळे द्यावे.

सायंकाळी जोडणी बंद करून मगच फाइलीची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. लेखन चालू असता घेतलेली प्रत सदोष निघू शकते.