मागचा लाल दिवा आधी

मागच्या भाषणात मी पंक्चरबद्दल बोलले होते. त्यानंतर दुकानावर बऱ्याच जणी आल्या आणि बहुतेकींनी एकच विचारलं, “ताई, सायकलला लाइट कोणती लावावी? स्वस्तातली सांगा.” म्हणून आज दिव्यांबद्दल बोलते. आमचं दुकान अंबडला आहे. सासऱ्यांनी घातलेलं, आता मी आणि माझे मिस्टर चालवतो. म्हणजे मी दिवे विकणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. तरीही आज मी जे सांगणार आहे, त्यात महागाचा दिवा घ्यायला कुणालाच सांगणार नाही.

गेल्या जानेवारीत एक गृहस्थ मुलीची सायकल खांद्यावर घेऊन आले. मागचं चाक आठाच्या आकड्यासारखं वाकलेलं, मडगार्ड चेपलेलं. दहावीतली मुलगी, ज्यादा तास करून संध्याकाळी गावाकडे निघाली होती. मागून मोटारसायकल आली आणि धडकली. हाताला प्लॅस्टर आलं, एवढ्यावर निभावलं. मोटारसायकलवरचा पोरगा रडकुंडीला येऊन एकच सांगत होता, “काका, दिसलीच नाही हो.” आणि ते खोटं नव्हतं. गडद निळा गणवेश, पाठीला काळं दप्तर, आणि हातात मोबाइलची बॅटरी लावलेली. ती बॅटरी पुढे उजेड पाडत होती. मागच्याला मात्र नुसता काळोख.

ते गृहस्थ मला म्हणाले, “चाक दुरुस्त करू नका. आहे तशी विकून टाका. आता ज्यादा तासाला पाठवणार नाही.”

आमच्याकडे आठवी ते बारावीच्या पुष्कळ मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्या. चार-पाच किलोमीटरवरच्या शाळेत पोरी स्वतःच्या स्वतः जाऊ लागल्या. पण अशा सायकलीला घंटी असते, कुलूप असतं, कॅरिअर असतं. दिवा बहुधा नसतो. डिसेंबरात पावणेसहा-सहालाच सूर्य बुडतो आणि साडेसहाला मिट्ट काळोख होतो. जानेवारीत सकाळी सातपर्यंत नीट उजाडत नाही. नेमका तोच ज्यादा तासांचा मोसम, तोच साखर कारखान्यांचा हंगाम. जालना-वडीगोद्री रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, वाळूचे हायवा आणि त्यांच्यामधून आपल्या पोरी. डेअरीला किटली लावून पहाटे जाणाऱ्या बायाही त्यातच.

आता जरा हिशेब सांगते. ताशी साठ किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. म्हणजे तुम्ही “एक” म्हणेपर्यंत ती बावीस पावलं पुढे. चालवणाऱ्याला काहीतरी दिसलं, डोक्यात आलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद जातोच. मग ब्रेक लागून गाडी थांबायची. सगळं मिळून पंचेचाळीस-पन्नास मीटर लागतात. आणि डीमवरच्या हेडलाइटमध्ये गडद कपड्यातलं माणूस दिसतं ते जेमतेम पंचवीस-तीस मीटरवर. हिशेब जमतच नाही. त्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, मग तो कितीही सावकाश स्वभावाचा असो. लाल दिवा मात्र सरळ रस्त्यावर दोन-तीनशे मीटरवरूनही दिसतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की पैसे एकाच दिव्याचे असतील, तर मागचा लाल दिवा आधी घ्या. गिऱ्हाईक नेहमी पुढचा मागतं. “रस्ता दिसायला पाहिजे ना,” म्हणतात. रोजचा रस्ता आपल्याला बराचसा पाठ असतो, खड्डा कुठे आहे हे पायालाही माहीत असतं. मागून काय येतंय ते मात्र आपल्या हातात नसतं. आपण दिसणं एवढंच हातात असतं. आणि मागचा दिवा पुढच्यापेक्षा स्वस्तही पडतो.

स्वस्तातले तीन प्रकार आमच्याकडे मिळतात. पहिला रबरी, बेडकासारखा दिसणारा, दांडीला ताणून अडकवायचा. शंभराच्या आतबाहेर पुढचा-मागचा जोड मिळतो. दिसायला गोंडस म्हणून मुलं हट्ट धरतात. माझ्या धंद्याचं नुकसान करून सांगते, तो घेऊ नका. त्यात नाण्यासारखे बटण सेल असतात. ते थोड्या दिवसांत मंद होतात आणि चांगले नवे दोन सेल घालायला गेलात की दिव्याइतकीच किंमत होते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. घरात लहान मूल असेल आणि त्यानं असा सेल गिळला, तर अन्ननलिका आतून भाजते आणि ते दोन तासांतही होऊ शकतं. असं कधी झालंच तर उलटी करवू नका, उद्या बघू म्हणू नका, तसंच मोठ्या दवाखान्यात पळा.

दुसरा प्रकार पेन्सिल सेलचा. दोन बारीक सेल, नटबोल्टनं मडगार्डला किंवा सीटखालच्या दांडीला बसतो. सव्वाशे ते पावणेदोनशे रुपये. रोजचा तासभर धरला तर माझ्या अनुभवात सेल महिना-सव्वा महिना जातात आणि ते गावच्या किराणा दुकानात मिळतात. ज्या घरात लाइटीचा भरवसा नाही, तिथे मी हाच देते. फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत सेल काढून ठेवा, नाहीतर पाझरून आतल्या पट्ट्या गंजतात. निम्मे “बिघडलेले” दिवे माझ्याकडे येतात ते असेच. पट्टी पॉलिश पेपरनं घासली की पुन्हा चालू.

तिसरा चार्जिंगचा. मागचा दोनशे ते तीनशे, पुढचा तीनशे ते पाचशेपर्यंत. घेताना चार्जिंगची पिन बघा. घरातल्या मोबाइलचा चार्जर त्याला बसला पाहिजे. वेगळी वायर लागणारा दिवा वायर हरवली की अडगळीत जातो. हा दिवा बहुधा रबरी पट्ट्यानं बसतो, म्हणजे चटकन काढता येतो. शाळेत, स्टँडवर सायकल लावताना काढून दप्तरात टाकायचा, नाहीतर संध्याकाळपर्यंत तो दुसऱ्याच्या सायकलला दिसेल. जी मुलगी विसराळू आहे तिला नटबोल्टवाला द्या. आईनं हे ओळखून घ्यावं, दुकानदाराला ते कळत नाही.

आता खोक्यावरच्या आकड्यांबद्दल. उजेड लुमेनमध्ये मोजतात. हल्ली अडीचशे रुपयांच्या दिव्यावर “१०००० लुमेन” असं छापलेलं असतं. आपल्या घरात जो ९ वॅटचा एलईडी बल्ब असतो तो साधारण ९०० लुमेनचा. मग मुठीएवढ्या दिव्यात असे अकरा बल्ब बसले का? आणि बसले तरी अंगठ्याएवढा सेल त्यांना किती मिनिटं पुरेल? तो आकडा वाचायचाच नाही. मागच्या दिव्याला रात्रीसाठी दहा-वीस लुमेन पुष्कळ झाले. पुढचा नुसता दुसऱ्याला दिसायला हवा असेल तर पन्नासेक चालतात. ज्या रस्त्याला एकही खांब नाही तिथे खड्डा दिसायला दोनशे-तीनशे हवेत.

आकड्यांपेक्षा पारख महत्त्वाची. दिवा लावून दुकानातल्या पोराला रस्त्यापलीकडे पन्नास-साठ पावलं लांब उभा करा. सरळ बघा आणि तिरकंही बघा. पुष्कळ दिवे समोरून झगझगतात आणि जरा बाजूला सरकलं की गायब. आडरस्त्यानं येणाऱ्याला ते दिसणारच नाहीत. मग दिवा हातात घेऊन जोरात हलवा. आत खुळखुळलं, उजेड लुकलुकला, तर परत द्या; आपल्या रस्त्यावर तो आठवडा काढणार नाही. खोक्यावर “आयपीएक्स ४” लिहिलेलं असलं तर पावसाचे शिंतोडे सोसतो असा त्याचा अर्थ. तसं नसलं तर पावसाळ्यात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून रबर लावा. दिसायला वाईट दिसतं, पण चालतं.

घरी आणल्यावर चार्जिंगचा दिवा एकदा पूर्ण भरा, लावून ठेवा आणि घड्याळ बघा. आठ तास लिहिलेला तीन तास चालला तरी हरकत नाही, पण आपल्याला ठाऊक हवं. मग दर रविवारी चार्जिंग, असा वार ठरवून टाकायचा.

बसवण्यात खरी चूक होते. सीटखाली दिवा लावला आणि वर ओढणी सोडली की झाकला. पंजाबी ड्रेस असो, साडीचा पदर असो, मागे लोंबतं ते सगळं दिव्यावर येतं. कॅरिअरवर दप्तर, चाऱ्याचा भारा, दुधाची किटली आली तरी तेच. म्हणून मी मागचा दिवा मडगार्डच्या शेवटाला, नाहीतर चाकाच्या उजव्या बाजूच्या दांडीला बसवते. गाड्या आपल्या उजवीकडूनच पुढे जातात. पुढच्या दिव्याचं असंच. मुलींच्या सायकलला पुढे जाळीची टोपली असते. हँडलला दिवा लावला की त्याचा उजेड टोपलीतल्या डब्यावर पडतो! टोपलीच्या पुढच्या अंगाला पट्टी मारून तिथे लावा. आणि तोंड जरा खाली, उजेड दहा-बारा पावलांवर रस्त्यावर पडेल असं. सरळ समोर धरलेला दिवा येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, तो डोळे मिटतो आणि त्याच क्षणी आपण त्याच्या समोर असतो.

लुकलुकता ठेवावा की सलग, हा प्रश्न नेहमी येतो. लुकलुकता चटकन लक्ष वेधतो आणि सेलही कमी खातो. पण काळ्याकुट्ट रस्त्यावर तो किती लांब आहे याचा अंदाज मागच्याला नीट येत नाही. सलग दिव्याचा येतो. माझं मत, गावाबाहेर सलग, बाजारपेठेच्या झगमगाटात लुकलुकता. दोन दिवे परवडले तर एक असा, एक तसा.

दिव्याबरोबर रेडियमही लावा. रेडियमची पट्टी वीस-तीस रुपयांत येते. मागे लाल, पुढे पांढरी, पायडलला पिवळी. पायडल वरखाली होताना जी पिवळी हालचाल दिसते, तिनं ही सायकल आहे हे लांबून ओळखू येतं. आता नव्या सायकलला रिफ्लेक्टर असणं सरकारनं सक्तीचं केलं आहे, पण जुन्या सायकलींचे कधीच तुटून पडलेत. मात्र रेडियम स्वतः उजेड देत नाही, पडलेला उजेड परत फेकतं. हेडलाइट फुटलेली मोटारसायकल आली तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून रेडियम जोडीला, दिव्याच्या बदल्यात नाही. आणि ते चिखलानं माखू देऊ नका, ओढणीच्या टोकानं पुसलं तरी पुरे.

पुढचा दिवा नकोच असं मी म्हणत नाही. हंगामात उसाची ट्रॉली टायर फुटून रस्त्याच्या कडेला उभी असते, मागे ना दिवा ना रेडियम, वर ऊस बाहेर आलेला. ती आपल्याला दिसायला पुढचाच दिवा लागतो. म्हणून पुढच्या महिन्यात जमेल तेव्हा तोही घ्या. आमच्या सासऱ्यांच्या वेळी डायनॅमो असायचा, टायरला घासून चालणारा. सायकल जड व्हायची आणि थांबलं की दिवा विझायचा. तरी त्या काळी बिनदिव्याची सायकल पोलीस अडवायचे, चाकातली हवा सोडायचे. सासरे हसत सांगायचे की हवा सोडली की दुकानात तेवढंच गिऱ्हाईक वाढायचं. हल्ली कुणी अडवत नाही.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. मी त्या गृहस्थांना म्हटलं, सायकल विकायची ती उद्या विकू, आज अंधार पडेपर्यंत थांबा. दुसऱ्या एका सायकलला लाल दिवा लावून आमच्या पोराला खांबाच्या पुढे, काळोखात लांब पाठवलं. आधी दिवा बंद करून. गृहस्थ डोळे बारीक करून बघत राहिले, काही दिसेना. मग मी हाक मारली आणि पोरानं बटण दाबलं. ते काही बोलले नाहीत. खिशातून पैसे काढले आणि म्हणाले, “चाक कधी देता?” हाताचं प्लॅस्टर निघाल्यावर मुलगी स्वतः सायकल न्यायला आली. मागचा दिवा तिनं माझ्यासमोर दोनदा चालू-बंद करून बघितला आणि ओढणी कमरेला खोचून निघाली.

तुम्हीही दिवा घ्यायला येणार असाल तर दुपारी येऊ नका. उन्हात सगळेच दिवे सारखे दिसतात. सातनंतर या, आमचं दुकान साडेआठपर्यंत उघडं असतं.