कूलरची तिसरी पिन
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



दहावीच्या गॅदरिंगला माईक मी लावला होता. प्लग नव्हता. वायरीची टोकं सोलून बोर्डाच्या छिद्रांत घातली आणि आगपेटीच्या काड्या खोचून घट्ट बसवली. माईक चालला, सरांनी पाठ थोपटली. आपण काय केलं होतं ते कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

नोकरीमुळे मी इंग्लंडात राहिलो. तिथे आमच्या मराठी मंडळाचा गणपती भाड्याच्या हॉलमध्ये बसायचा. एका वर्षी हॉलवाल्यांनी विचारलं, तुमच्या माळा, ॲम्प्लिफायर, मिक्सर तपासल्याचं लेबल कुठे आहे? तिकडे छोटी मंडळं दरवेळी बाहेरचा माणूस बोलावण्याऐवजी आपलाच एखादा सभासद तयार करतात. मंडळानं मला धाडलं. ‘सिटी अँड गिल्ड्स’चा २३७७ क्रमांकाचा छोटासा अभ्यासक्रम केला. दरवर्षी तपासणी झालीच पाहिजे, असा कायदा तिथेही नाही बरं का. १९८९ चे नियम एवढंच सांगतात की उपकरणं धोका होणार नाही अशी राखा.

वाटलं होतं, पहिल्याच दिवशी मीटर हातात देतील. पण आधी बघायला शिकवलं. वायर कुठे सोललीय, प्लग काळवंडलाय का, आतला स्क्रू ढिला आहे का. बहुतेक दोष इथेच सापडतात. मग मीटर. पत्र्याच्या अंगापासून प्लगच्या तिसऱ्या पिनपर्यंत वाट अखंड आहे ना, ते पाहायचं. मग ५०० व्होल्ट देऊन इन्सुलेशन मोजायचं, ते किमान १ मेगाओहम हवं. गावी आल्यावर हे सांगितलं, तर एक मित्र म्हणाला, “काहून बे, इंग्लंडले जाऊन प्लगच पाहून आला काय?” हो बाप्पा, तेच पाहून आलो.

कारण आपल्याकडे कूलर आहे. पत्र्याचं अंग, पोटात पाणी, खाली ओली फरशी, आणि पाणी भरणारा अनवाणी. त्यात आपला खारपाणपट्टा. खारं पाणी पत्रा लवकर गंजवतं आणि करंटही जास्त सहज नेतं. वऱ्हाडात कूलरच्या शॉकनं माणूस गेल्याची बातमी उन्हाळ्यात नवी नसते. ती तिसरी पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड का असते? प्लग लावताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून. आपण मात्र ती भोकात जात नाही म्हणून कापतो.

मागच्या मेळाव्यात आपण वर्गणी काढून शाळेला तीन कूलर दिले. काल सरांची परवानगी घेऊन ते उघडले. दोन ठीक आहेत. तिसऱ्याची हिरवी वायर प्लगच्या आतच कापून दुमडून ठेवलेली होती. ती मी जोडली. पण खरी गोष्ट पुढे आहे. दोन वर्गांतल्या सॉकेटच्या तिसऱ्या छिद्रामागे वायरच नाही. म्हणजे कूलर कितीही चांगला असला, तरी पत्र्यात उतरलेल्या करंटला जायला वाट नाही. पोरानं हात टेकवला की वाट मिळाली.

एमसीबी आहे ना, असं काल कोणी तरी म्हणालं. तो वायर जळू नये म्हणून असतो. ६ अँपिअरचा एमसीबी ६ च्या वर गेल्याशिवाय पडत नाही, आणि माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपिअर गेले तरी जीवावर बेततं. त्यासाठी आरसीसीबी लागतो. दुकानात ईएलसीबी म्हटलं तरी कळतं. गेलेल्या आणि परतलेल्या करंटमध्ये फरक पडला की तो क्षणात पुरवठा तोडतो.

यंदाच्या वर्गणीतून आणखी दोन कूलर घ्यायचं चाललंय. माझी विनंती आहे, ते थांबवा. त्या पैशात आधी शाळेचं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवू. कूलरवर बॅचचं नाव रंगवता येतं, अर्थिंगच्या खड्ड्यावर येत नाही, हे मलाही कळतं. भिंतीतलं काम माझ्या सर्टिफिकेटवर करता येत नाही, त्याला राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचं लायसन्स लागतं. ते काढलेला आपल्याच वर्गातला गडी तिसऱ्या रांगेत बसलाय आणि मजुरी घेणार नाही म्हणतोय. खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतायचं काम मात्र कोणी तरी अंगावर घ्या. मे महिन्यात आपली काळी माती भेगाळून कोरडी पडते, मग अर्थिंग नावापुरतं उरतं.

जेवणानंतर मी मीटर घेऊन व्हरांड्यात बसतो. घरचा मिक्सर, इस्त्री, भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर, काय असेल ते आणा. कूलर आणणार असाल तर पाणी काढून आणा.