वारंवार उठणारा आमवात : पथ्य आणि दिनचर्या



भातलावणी संपता संपता अनेक घरांत हीच तक्रार ऐकू येते. सांधे सुजतात, ठणकतात, चार दिवसांनी उतरतात आणि महिन्याभरात पुन्हा उठतात. कष्टाने दुखणारा सांधा बहुधा विश्रांतीने बरा होतो. परंतु सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ बोटे आखडलेली राहत असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो.

'माधवनिदान' या ग्रंथात या रोगाचे स्वतंत्र वर्णन आहे. विंचू चावल्यासारखी वेदना असे तेथे म्हटले आहे. कारणे सांगितली आहेत ती अशी : मंद झालेला जठराग्नी, विरुद्ध आहार आणि जड, स्निग्ध जेवणावर लगेच केलेले श्रम. न पचलेला आहाररस म्हणजे 'आम' सांध्यांत साठतो, अशी आयुर्वेदाची मांडणी आहे. पावसाळ्यात अग्नी मंद असतो, म्हणून पथ्य तेव्हाच अधिक पाळावे.

आहार : सूज असताना पोटाला हलके द्यावे; मुगाचे कढण, ज्वारीची भाकरी, जुन्या तांदळाचा भात, कुळथाचे कढण, पडवळ, कारले, शेवग्याच्या शेंगा, लसूण. चिमूटभर सुंठ घालून उकळलेले पाणी कोमट प्यावे. दही, मासे, उडीद, गूळ आणि पिठाचे जड पदार्थ टाळावेत. दूधही या काळात वर्ज्य सांगितले आहे. सूज उतरल्यावर आहार हळूहळू पूर्ववत करावा. कायम उपाशी राहून अशक्तपणा ओढवून घेऊ नये.

विहार : जेवून लगेच कुदळ हाती घेऊ नका. दुपारची झोप टाळा. रात्री पिकाला पाणी देण्याची पाळी असेल, तर ती घरात वाटून घ्या. भिजलेले कपडे लगेच बदला. विडी-सिगारेट सोडा, धूम्रपानाने हा रोग होण्याचा धोका वाढतो. ठणका कमी असताना सांधे रोज सावकाश हलवा.

शेक : सुजलेल्या सांध्याला तेल चोळण्याची आपली सवय आहे. आम असताना मात्र तेल वर्ज्य मानून कोरडा वाळूचा शेक सांगितला आहे. स्वच्छ वाळू तव्यावर गरम करून पुरचुंडीत बांधा, मनगटावर उष्णता पाहा आणि मग शेका. सांधा लाल व गरम असेल किंवा शेकाने ठणका वाढला तर थांबा. मधुमेहाने बधिरता आलेल्यांनी शेकू नये.

एरंडेल हे आमवातावरचे प्रसिद्ध औषध आहे. ते वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावे. गर्भवतींनी घेऊ नये. बांधावरच्या एरंडाच्या बिया मात्र विषारी असतात, त्या खाऊ नयेत.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. पथ्याने त्रास कमी झाला तरी पथ्य हे औषधाला पर्याय नाही. उपचाराला उशीर झाला तर सांधे कायमचे वाकडे होतात. सूज सहा आठवडे टिकली, तर रक्ततपासणी करून संधिवाततज्ज्ञाला दाखवा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. बाजारात मिळणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार आढळले आहेत. त्यांनी तात्पुरता आराम पडतो, पण हाडे ठिसूळ होतात आणि साखर वाढते.

पिकाची नोंद ठेवता, तशी सांध्यांचीही ठेवा. कधी सूज आली, आदल्या दिवशी काय खाल्ले, किती जागरण झाले, हे वहीत लिहा. दोन-तीन महिन्यांची ही वही डॉक्टरांनाही उपयोगी पडेल आणि तुमच्या प्रकृतीला काय सोसत नाही, हे तुम्हालाही कळेल.