डाळिंबाच्या दाण्यानंतर

प्रेमकथा मीलनाशी येऊन थांबली की वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. पुढे तिचाच उत्तरभाग हाती आला, म्हणजे मनात थोडी शंका उभी राहते. प्रीती जुळली, आता सांगण्यासारखे काय उरले? नायक साक्षात मृतांचा राजा असेल, तर मात्र पुष्कळच उरते. अमेरिकन लेखिका स्कार्लेट सेंट क्लेअर यांची ‘अ टच ऑफ रुइन’ ही २०२० सालची अद्भुतरम्य कादंबरी वाचताना याचा प्रत्यय येतो.

मूळ ग्रीक कथा विस्ताराने येते ती होमरच्या नावावर मोडणाऱ्या, सुमारे पाचशे ओळींच्या डिमीटर-स्तोत्रात. कुरणात फुले वेचणारी पर्सेफनी नरगिसाचे फूल खुडू जाते, धरणी दुभंगते आणि पाताळाचा स्वामी हेडीज तिला रथात घालून नेतो. धान्यदेवता डिमीटर मशाली घेऊन नऊ दिवस लेकीचा शोध करते. पुढे तिच्या शोकाने शेते ओसाड पडतात आणि देवराज झ्यूसलाही नमते घ्यावे लागते. पण लेकीने पाताळात डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो. म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिला तेथेच काढावा लागतो. हा दाणा हेडीजने लपूनछपून दिला, असे कवी सांगतो. लेक आईला सांगते की त्याने तो बळजबरीने खायला लावला. या दोन कथनांचा मेळ स्तोत्र घालीत नाही. पाताळातल्या त्या महिन्यांत तिच्या मनाचे काय होत असे, याविषयीही ते मौन पाळते. नव्या लेखकांना वाव मिळतो तो याच मौनात.

सेंट क्लेअर यांच्या २०१९ सालच्या पहिल्या भागात, ‘अ टच ऑफ डार्कनेस’ मध्ये, कथा आधुनिक ‘न्यू अथेन्स’ नगरीत घडते. पर्सेफनी वृत्तपत्रविद्येची विद्यार्थिनी आहे. वसंताची देवता असून तिच्या स्पर्शाने फुले कोमेजतात. अपहरणाच्या जागी येथे पैजेचा करार आला आहे : सहा महिन्यांत पाताळात जीवन फुलवून दाखवावे, नाही तर कायमचे तेथेच राहावे. हा बदल सोयीचा खरा. पण जुन्या कथेतला सल त्याने बराच बोथट होतो.

तो सल उत्तरभागात दुसऱ्या वाटेने परत येतो. पर्सेफनीची जिवलग मैत्रीण लेक्सा मोटारीच्या अपघातात मरणोन्मुख होते. पर्सेफनी हेडीजकडे तिचे प्राण मागते आणि तो नकार देतो. ग्रीक परंपरा या नकाराच्या पाठीशी उभी आहे. ऑर्फियसने गाऊन पत्नीला मिळवले, पण मागे वळून पाहताच तिला पुन्हा गमावले. मृताला उठवणाऱ्या अस्क्लीपियस वैद्यावर झ्यूसने वज्र टाकले. भारतीय वाचकाला येथे सावित्री आठवल्यावाचून राहणार नाही. पण सावित्री यमाच्या मागे चालते ती परकी म्हणून. येथे याचक खुद्द यमाची प्रिया आहे, आणि प्रियकर आपल्यासाठी नियम मोडीत नाही हे तिला सोसायचे आहे. ज्याच्यावर प्रेम केले त्याचे कामच मृत्यूचे आहे, हे पहिल्या भागात तिने आणि वाचकानेही विसरायचे ठरवलेले असते.

कादंबरी निर्दोष नाही. हेडीजची पूर्वीची प्रेयसी ल्यूकी हिच्यामुळे होणारे रुसवेफुगवे लांबतात, संवाद कधी कधी पोरकट होतात, आणि शृंगार इतका उघड आहे की हे पुस्तक प्रौढांनीच वाचावे. मात्र लेक्साच्या शय्येशी आली की लेखणी सावरते.

नकाराने दुखावलेली पर्सेफनी अपोलोकडे जाते. रोगहर्ता म्हणून त्याची ख्याती आहे. शिवाय अस्क्लीपियस त्याचाच पुत्र, हे जाणत्या वाचकाला आठवते. सौदा होतो आणि लेक्सा डोळे उघडते. पण शरीर बरे झाले तरी परतलेली लेक्सा पूर्वीची नसते. मृत्यू अखेर तिला नेतोच. पाताळात विस्मृतीच्या लीथी नदीचे पाणी तिने प्यालेले असते. पर्सेफनी आता हवे तेव्हा तिच्यासमोर जाऊन उभी राहू शकते. लेक्सा मात्र तिला ओळखत नाही.