फोटोंचा ढीग आणि अकरावा आकडा

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला ‘कॉम्प्युटरवर काहीतरी बोला’ असे सांगितले. मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. प्रोग्रॅमिंग शिकलो ते चाळिशीत, मुलीच्या शेजारी बसून. म्हणून स्वतः केले तेवढेच सांगतो.

मालगाडीच्या डब्याला मराठीत ‘वाघीण’ म्हणतात, हे ऐकून माझे इथले सहकारी अजून हसतात. या प्रत्येक वाघिणीवर अकरा आकडी नंबर रंगवलेला असतो. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, नंतरचे दोन बांधणीच्या वर्षाचे आणि मग चार अनुक्रमाचे. अकराव्याकडे नंतर येतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात, रात्रीच्या तपासणीत एका वॅगनचे चाक सदोष आढळले. नंबर मी वहीत टिपून कळवला. तो नंबर गाडीत सापडेना! ‘दुसऱ्या गाडीतला असेल’ म्हणून गाडी सोडायची तयारीही सुरू झाली. आमच्या एका खलाशाने त्या वॅगनवर खडूने फुली मारून ठेवली होती. तो टॉर्च घेऊन ५८ वॅगनची, सहाशे मीटरहून लांब गाडी पुन्हा चालत गेला आणि ती फुली शोधून आला. मी आठाचा तीन केला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून मी नंबरांचे फोटो काढू लागलो. पण नुसत्या फोटोंचा उपयोग काय? हवा असतो तक्ता : तारीख, वेळ, नंबर. म्हणून पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. प्रोग्रॅम म्हणजे न कंटाळणारा कारकून समजा. तो फोल्डर उघडतो, एकेक फोटो घेतो, नंबराचा भाग कापतो, अक्षरे ओळखणाऱ्या ‘टेसरॅक्ट’ला देतो आणि तक्त्यात एक ओळ लिहितो. हे टेसरॅक्ट २००५ पासून सर्वांना मोफत खुले आहे. त्याला पांढऱ्यावर काळे वाचायची सवय, आणि वॅगनवर असते गडद रंगावर पांढरे. म्हणून फोटो आधी उलटा, म्हणजे निगेटिव्हसारखा करावा लागतो. तारीख-वेळ कॅमेराच फोटोत नोंदवतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ती सहसा उरत नाही, म्हणून मूळ फोटोच घ्यावा.

पहिल्या दिवशी ५८ ओळी भरलेल्या पाहून मी घरी पेढे आणले. दुसऱ्या दिवशी पडताळले तर कोळशाची धूळ आणि स्टेन्सिलच्या फटी यांमुळे आठाचे पुन्हा तीन झालेले! वहीतली खाडाखोड निदान दिसते. तक्त्यातली चुकीची ओळ बरोबर ओळीइतकीच स्वच्छ दिसते.

इथे अकरावा आकडा कामी आला. समजा पहिले दहा आकडे १००१०८२३४५. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या जागेचे आकडे मिळवा : ०, १, ८, ३, ५, म्हणजे १७. त्याची तिप्पट ५१. उरलेल्यांची बेरीज ७. एकूण ५८. पुढचे दशक ६०, त्याला २ कमी. म्हणून अकरावा आकडा २. आता आठाचा तीन करा. एकूण येते ४३ आणि शेवटी हवा ७. वॅगनवर २ आहे, म्हणजे वाचनात चूक. एका आकड्याची कुठलीही चूक अशी पकडली जाते. माझ्या त्या रात्रीची चूकही पकडली गेली असती, वहीतसुद्धा. हे गणित प्रशिक्षणात शिकवले होते. मी परीक्षेपुरते पाठ केले होते.

आता तक्त्यात एक रकाना जास्त आहे : ‘जुळला’ किंवा ‘तपासा’. ‘तपासा’ दिसले की शेजारच्या नावाचा फोटो मी स्वतः उघडतो. दोन आकडे एकदम चुकले तर कधी हिशेब योगायोगाने जुळतोही, म्हणून फोटो पुसत नाही. आता वॅगनवर आरएफआयडी टॅग बसवले जातात, तरी खडूची फुली मी बंद केलेली नाही.

चिटणीसांनी मंडळाच्या जुन्या वर्गणी-वह्यांचेही फोटो दिले आहेत. तिथे अकरावा आकडा नाही, पण प्रत्येक पानाखाली एकूण आहे. बेरीज तिच्याशी ताडून पाहता येईल. हाताचे मराठी आकडे मात्र माणसांनीच वाचलेले बरे. दिवाळीनंतरचे दोन रविवार ठरवले आहेत. येताना चष्मे घेऊन यावे.