कोचाची सहधर्मचारिणी
(ज्युबिलीच्या सप्ताहांत मातृसंघाच्या सभेपुढें केलेलें भाषण)



ज्युबिलीचा उत्सव म्हटला म्हणजे आपली दृष्टि सहजच भिंतीवरील संगमरवरी फलकांकडे जाते. कोणी देऊळ बांधिलें, कोणी घंटा दिली, कोणी शाळा काढिली, त्यांचीं नांवें तेथें कोरलेलीं असतात, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या घरांतून हीं माणसें आपापल्या कामास निघालीं, त्या घरांतील दिवा कोणी तेवत ठेविला, हें फलकावर लिहिलेलें नसतें.

आज मातृसंघानें मला संसारधर्मावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. त्यासाठीं मीं जें उदाहरण निवडलें आहे तें दूरचें आहे, आणि तें ऐकून कोणास हसूंही येईल. तें आहे अमेरिकेंतील कॉलेजच्या फुटबॉल कोचाच्या पत्नीचा नित्याचा संसार! दूरचें उदाहरण घेण्याचें कारण इतकेंच कीं, जवळचें घेतलें म्हणजे आपण लगेच त्यास शेजाऱ्याचें नांव चिकटवितों. दूरचें पाहतांना मन निर्मळ राहतें आणि बोध आपल्याच पदरांत पडतो.

प्रथम त्या खेळाची ओळख करून घेऊं. नांव फुटबॉल असलें तरी आपलीं मुलें खेळतात तो हा खेळ नव्हे. चेंडू लांबट, दोहों टोकांस निमुळता. तो बहुधा हातांत धरून पळावयाचें किंवा फेंकावयाचें. मैदानाची लांबी शंभर यार्ड, प्रत्येक पक्षाचे अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें. न साधल्यास चेंडू बहुधा दुसऱ्या पक्षाच्या स्वाधीन होतो. कॉलेजांमधील ह्या खेळाचा आरंभ 1869 सालीं रट्गर्स व प्रिन्स्टन ह्यांच्या सामन्यानें झाला असें मानितात. आज त्याचें वेड एवढें आहे कीं, मिशिगन विद्यापीठाच्या एकट्या मैदानांत 1,07,000 हून अधिक प्रेक्षक बसतात. आणि एवढ्या लोकांचा आनंद किंवा संताप अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या हातापायांवर अवलंबून असतो. त्या पोरांस शिकविणारा तो कोच; आणि त्या कोचाची भाकरीही त्यांच्याच हातापायांवर अवलंबून!

आतां त्याच्या घराचें पंचांग पाहा. आगस्टमध्यें सराव सुरू झाला कीं पति पहांटे निघतो आणि मुलें निजल्यावर परततो. सप्टेंबरपासून नोव्हेंबर संपेपर्यंत बहुतेक प्रत्येक शनिवारीं सामना. इतरांचा रविवार विश्रांतीचा. ह्याचा रविवार कालच्या सामन्याचीं चित्रें पुन्हां पुन्हां पाहण्यांत व पुढील प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करण्यांत जातो. परगांवीं सामना असला तर शुक्रवारींच प्रयाण. नोव्हेंबरांतील चौथा गुरुवार हा त्या देशाचा उपकारस्मरणाचा सण. घरोघर सारें कुटुंब एका मेजाभोंवतीं जमतें, पण कोचाच्या घरीं तें जेवण सरावाची वेळ पाहून वाढावें लागतें. हंगाम संपला असें वाटतें, तोंच होतकरू मुलांस आपल्या कॉलेजकडे वळविण्यासाठीं गांवोगांव हिंडणें सुरू होतें. नाताळच्या सुमारास मानाचे अखेरचे सामने. वसंतांत पुन्हां सराव, उन्हाळ्यांत शाळकरी मुलांचीं शिबिरें. मग पुन्हां आगस्ट उभाच.

ह्या चक्राच्या मध्यभागीं ती गृहिणी असते. मुलांचा ताप, शाळेंतील गाऱ्हाणीं, घराचें भाडें, फुटलेला नळ, वृद्ध सासूसासऱ्यांची विचारपूस, हें सर्व तिच्याच शिरावर. त्यांत भर म्हणजे पतीचीं शिष्यमुलें. आईबापांपासून शेंकडों मैल दूर आलेलीं हीं पोरें कोचाच्या घरीं जेवावयास येतात. एखाद्यास घरची आठवण येऊन रडूं कोसळतें, तेव्हां मैदानावर कठोर असणाऱ्या गुरूपेक्षां त्यास ह्या माउलीचा आधार वाटतो. नव्या मुलाचे आईबाप कॉलेज पाहावयास आले म्हणजे ते मैदान पाहतात, वर्ग पाहतात. पण आपला मुलगा येथें ठेवावा कीं नाहीं, हें पुष्कळदां कोचाच्या पत्नीशीं दोन शब्द बोलूनच ठरवितात.

शनिवारीं ती प्रेक्षकांत बसते. मुलगा मांडीवर, मुलगी शेजारीं. आणि मागील रांगेंतून तिच्या पतीच्या नांवानें शिव्यांचा वर्षाव चाललेला. शिव्या देणाऱ्यास ठाऊकही नसतें कीं, पुढें बसलेलें तें लेंकरूं आपल्या बापाविषयीं काय ऐकत आहे. 1988 सालीं आलाबामा विद्यापीठाचा संघ एक सामना हरला, तेव्हां तेथील कोचाच्या कचेरीच्या खिडकींतून वीट फेंकण्यांत आली! ज्या घरांतील माणूस त्या कचेरींत बसतो, त्या घरांत त्या रात्रीं कोणास झोंप लागली असेल?

आणि मग बिऱ्हाड हालविणें. संघ हरूं लागला कीं मुख्य कोचास निरोप मिळतो, आणि त्याच्यामागें बहुतेक साहाय्यक कोचांसही. जिंकला तर दुसरें मोठें कॉलेज बोलावितें. हार असो वा जीत असो, पेट्या बांधाव्या लागतात त्या पत्नीसच. पति दुसऱ्याच दिवशीं नव्या गांवीं कामावर रुजू होतो. घर विकणें, मुलांचे दाखले काढणें, सामान पाठविणें हें ती एकटी निस्तरते. टेरी सेबन ह्या बाईंचें उदाहरण घ्या. निक सेबन ह्यांच्याशीं त्यांचा विवाह 1971 सालीं झाला. पतीनें 1973 मध्यें केंट येथें ह्या व्यवसायांत पाऊल टाकिलें. त्यानंतर सिरॅक्यूज, मॉर्गनटाउन, कोलंबस, अ‍ॅनापोलिस, ईस्ट लॅन्सिंग, ह्यूस्टन, टोलीडो, क्लीव्हलंड, पुन्हां ईस्ट लॅन्सिंग, मग बॅटन रूज, मायामी, आणि 2007 सालीं टस्कलूसा. चौतीस वर्षांत बारा वेळां चूल मोडून नवी मांडावी लागली! शेवटच्या गांवीं मात्र सतरा हंगाम मुक्काम झाला. 2024 च्या जानेवारींत सेबन निवृत्त झाले. ह्या कॅथलिक दांपत्यानें तेथें केवळ सामने जिंकिले नाहींत. 27 एप्रिल 2011 रोजीं प्रचंड वावटळीनें टस्कलूसाचा मोठा भाग उद्ध्वस्त केला, तेव्हां त्यांच्या धर्मादाय संस्थेनें बेघर झालेल्यांसाठीं घरें बांधण्यास साहाय्य केलें. जिला बारा वेळां आपलें घर सोडावें लागलें, तिला बेघराचें दुःख दुसऱ्यानें समजावून सांगावें लागत नाहीं.

आतां जुन्या काळांतील दोन स्त्रियांकडे वळूं. पहिल्या स्टेला स्टॅग. त्यांचे पति एमस अलॉन्झो स्टॅग हे धर्मोपदेशक व्हावयाचे, पण वक्तृत्व आपल्या अंगीं नाहीं असें वाटून त्यांनीं खेळाच्या द्वारें तरुणांस वळण लावण्याचें व्रत घेतलें, आणि 1892 सालीं शिकागो विद्यापीठांत ते कोच झाले. 1894 च्या सप्टेंबरांत त्यांचें लग्न झालें. त्याच वर्षीं नाताळच्या दिवशीं स्टॅग ह्यांचा संघ सॅन फ्रॅन्सिस्को येथें सामना खेळत होता! नव्या नवरीनें संसाराचा पहिला धडा त्याच दिवशीं घेतला म्हणावयाचा.

स्टेलाबाईंनीं काय केलें? त्यांनीं तो खेळच शिकून घेतला. सामन्यांतील प्रत्येक चाल त्या कागदावर टिपून ठेवीत, प्रतिस्पर्ध्याचे सामने पाहून त्यांतील खाचाखोचा पतीस सांगत, आणि पुढें लहान कॉलेजांत पैशाची चणचण असतां खेळाडूंचे कपडे दुरुस्त करण्यासही त्यांनीं कमीपणा मानिला नाहीं. सत्तरावें वर्ष गांठतांच 1932 सालीं शिकागोनें स्टॅग ह्यांस निवृत्त केलें. चाळीस वर्षांचें बिऱ्हाड मोडून हें वृद्ध जोडपें कॅलिफोर्नियांतील स्टॉक्टन येथें गेलें, आणि तेथें आणखी चौदा वर्षें पतीनें तेंच काम केलें. त्यानंतर 1947 पासून कांहीं वर्षें ते मुलाबरोबर पेन्सिल्व्हेनियांत शिकवीत. परंतु पत्नीला इतका लांबचा प्रवास झेपेना, तेव्हां नव्वदी गांठलेल्या त्या वृद्धानें तें काम सोडिलें व स्टॉक्टनमध्येंच तिच्याजवळ राहून तेथील लहान कॉलेजांतील मुलांस शिकविणें पत्करिलें. जन्मभर ती त्याच्या मागें गेली. अखेरीस तो तिच्यासाठीं थांबला. स्टेलाबाई 1964 सालीं निवर्तल्या, आणि वर्षाच्या आंत, 17 मार्च 1965 रोजीं, वयाच्या 102 व्या वर्षीं स्टॅग ह्यांनींही देह ठेविला.

दुसऱ्या बॉनी रॉक्नी. नूट रॉक्नी हे नॉर्वे देशांत जन्मलेले. पवित्र क्रूस संघाच्या फादरांनीं चालविलेल्या नोटर डेम विद्यापीठांत ते शिकले, तेथेंच रसायनशास्त्र शिकवूं लागले, आणि 1918 पासून 1930 पर्यंत तेथील मुख्य कोच होते. ह्या अवधींत त्यांच्या संघानें 105 सामने जिंकिले व केवळ 12 गमाविले. 1914 सालीं बॉनीबाईंशीं त्यांचें लग्न झालें, चार मुलें झालीं. जन्मानें प्रॉटेस्टंट असलेल्या रॉक्नींनीं 1925 च्या नोव्हेंबरांत, म्हणजे ऐन हंगामांत, कॅथलिक धर्माचा स्वीकार केला. 1929 सालीं पायाच्या शिरांत रक्त गोठण्याचा विकार झाला, तरी हा मनुष्य चाकांच्या खुर्चींत बसून मैदानावर येई. अशा पतीच्या पत्नीचे ते दिवस कसे गेले असतील, हें तुम्हां मातांस मीं सांगावयास नको.

31 मार्च 1931 रोजीं रॉक्नी विमानानें लॉस एंजल्सला निघाले. पत्नी फ्लॉरिडांत होती. दोन मुलगे कॅन्सस सिटी येथील शाळेंत शिकत. त्यांस वाटेंत भेटावें असा बापाचा हेतु होता. पण मुलांची आगगाडी वेळेवर पोंचली नाहीं, विमानाची वेळ झाली, आणि ती भेट राहून गेली. त्याच दिवशीं सकाळीं कॅन्सस संस्थानांतील बझार ह्या खेड्याजवळ विमान कोसळून आंतील आठही जण मृत्यु पावले. रॉक्नींचें वय 43 होतें. 4 एप्रिल रोजीं, पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या शनिवारीं, विद्यापीठाच्या देवळांत त्यांचा अंत्यविधि झाला व रेडिओवरून तो देशभर ऐकविण्यांत आला. देशाचा शोक कांहीं दिवसांत ओसरला. बॉनीबाईंस मात्र चार मुलें वाढवावयाचीं होतीं. पतीचें आत्मचरित्र संपादून त्यांनीं त्याच वर्षीं प्रसिद्ध केलें. 1956 सालीं त्या देवाघरीं गेल्या. रॉक्नींचे 105 विजय पुष्कळांस तोंडपाठ आहेत. पंचवीस वर्षांच्या त्या वैधव्याची गणती कोणत्या फलकावर आहे?

भगिनींनो, एवढें सांगून मीं थांबलों, तर आमच्या फादरांनीं नेहमींप्रमाणें स्त्रियांस सोसावयास सांगितलें, असें तुम्ही घरीं जातांना म्हणाल, आणि तें रास्तच होईल. म्हणून आतां मी पुरुषांकडे वळतों.

त्याग हा सद्गुण आहे. पण दुसऱ्याचा त्याग गृहीत धरणें हा सद्गुण नव्हे. पत्नी कांहीं बोलत नाहीं म्हणजे तिला कांहीं वाटत नाहीं, असें समजणाऱ्या पतीनें संत पौलाचें एफेसकरांस पत्र पुन्हां एकदां वाचावें. त्यांत पतीवर घातलेला भार पत्नीच्या भाराहून हलका नाहीं. उलट ख्रिस्तानें ख्रिस्तसभेसाठीं प्राण वेंचिला हेंच माप पतीस लाविलें आहे. काम कितीही उदात्त असो, मुलांस शिकविण्याचें असो वा देवळाचें असो, तें घरास गिळूं लागलें म्हणजे त्यांतील उदात्तपणा संपतो. परक्यांच्या मुलांस घडवितां घडवितां स्वतःच्या मुलांस अनोळखी झालेला बाप, हा सामना जिंकूनही हरलेलाच होय.

मग करावें काय? सर्वांस नोकरी सोडतां येत नाहीं. आपल्यांतही जहाजावर, परदेशीं किंवा रात्रपाळीवर जाणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या घरचें पंचांग कोचाच्या पंचांगाहून फारसें निराळें नाहीं. त्यांस माझें सांगणें एवढेंच: घरावर परिणाम करणारी बातमी पत्नीस प्रथम तुमच्या तोंडून कळावी, बाजारांत नव्हे. आठवड्यांतील एक जेवण असें ठरवा कीं जें कोणत्याही कामासाठीं मोडावयाचें नाहीं. तिच्या कामाची माहिती करून घ्या. स्टेलाबाईंनीं पतीचा खेळ शिकून घेतला, तुम्ही पत्नीचा हिशेब, तिची दगदग, तिची काळजी शिकून घ्या. आणि मुलांस भेटण्याची संधि हातीं आहे तोंच भेटा. गाडीस उशीर होतो, विमान थांबत नाहीं.

आपणां सर्वांसही दोन कर्तव्यें आहेत. नव्यानें राहावयास आलेल्या बिऱ्हाडाचें दार पहिल्या आठवड्यांतच ठोठवावें. बाराव्यांदा चूल मांडणारीला शेजाऱ्यानें दिलेली वाटीभर आमटी ही मोठ्या स्वागतसभेहून मोलाची असते. आणि मास्तर, कारभारी, गायकवृंदाचा प्रमुख, इतकेंच काय पण तुमचा धर्मगुरु, ह्यांच्यावर टीका करावयाची झाल्यास ती त्यांच्या तोंडावर व सौम्य शब्दांत करा. मागच्या बांकावरून केलेली टीका पुढच्या बांकावरील त्याची आई, बायको किंवा लेंकरूं ऐकत असतें.

ज्युबिलीचे फलक लागतील, हार घातले जातील. ज्यांचीं नांवें त्यांवर नाहींत, त्यांच्यासाठीं उद्यांच्या मिस्साबलिदानांत आपण सर्व प्रार्थना करूं. आणि तुम्हांपैकीं प्रत्येक पुरुषानें आज घरीं पोंचतांच आपल्या सहधर्मचारिणीस एक शब्द आभाराचा बोलावा, अशी माझी नम्र विनंति आहे. तो ऐकून ती चकित झाली, तर तो किती वर्षें बोलावयाचा राहिला होता तें तुमचें तुम्हांसच कळेल.

नाझरेथच्या पवित्र कुटुंबाचा आशीर्वाद तुम्हां सर्वांच्या घरांवर राहो.